सरकारी वकील मित्रांनो, तुमच्या ‘से’मध्ये एक ओळ वाढवा

प्रति,
महाराष्ट्रातल्या विशेष एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) न्यायालयांत सरकार पक्षाचं काम पाहणारे सर्व वकील

सप्रेम नमस्कार.

मी उत्तर महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात एकोणीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. त्यातली अकरा वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे. ज्याच्याकडे वकील लावायला पैसे नाहीत, त्याचं काम माझ्याकडे येतं. तुमच्यापैकी काही जणांबरोबर मी बाररूममध्ये रोज डबा खातो. वर कोर्टात भांडतो आणि खाली उतरून एकत्र चहा घेतो. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या जामिनाबद्दल लिहायचं तर लोक मंत्र्यांना लिहितात, नाहीतर न्यायमूर्तींना. मी तुम्हाला लिहितोय, कारण एनडीपीएस कायद्यात जामीन अडवणारं जे कलम ३७ आहे, त्याची किल्ली तुमच्या हातात आहे, आणि ती फिरवताना तुम्ही कुलपाकडे बघत नाही, असं मला वाटतं.

आधी एका पोराचं सांगतो. वय वीस. आयशरवर क्लीनर. रोजचे पाचशे रुपये आणि दोन वेळचं जेवण. गाडी आंध्र-ओडिशाच्या बाजूने नारळ भरून आली होती. हायवेवर नाकाबंदीत थांबवली, नारळाच्या पोत्यांखाली गांजा सापडला. पंचनाम्यात वजन ८४ किलो. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांना अटक. दोषारोपपत्रात आणखी दोन जण ‘पाहिजे आरोपी’ म्हणून दाखवलेत, त्यातल्या एकाचं तर नुसतं टोपणनाव आहे. ज्याने माल भरला आणि ज्याच्याकडे माल उतरणार होता, ते हेच दोघं. आजतागायत त्यांच्यापर्यंत कुणी पोचलेलं नाही.

गांजाची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे कायद्याने ठरवलेलं व्यापारी प्रमाण, २० किलो. तिच्या वर गेलं की शिक्षा किमान दहा वर्षं, कमाल वीस. आणि जामिनाला कलम ३७ आडवं. पोरगा केबिनमध्ये झोपला होता, पोती त्याने भरली नव्हती, हे तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. खरं असेल, खोटं असेल. ते ठरवायलाच खटला असतो ना? तो खटला सुरू व्हायला दोन वर्षं सात महिने लागले.

त्याची आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते. दर तारखेला एसटीने यायची. त्या दिवसाची हजेरी बुडायची. २०२३ मध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हा तिने मला ते पेढे दिल्यासारखं सांगितलं होतं. कायद्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण एक शब्द ती शिकली होती. कोर्टाच्या जिन्यात मला गाठून विचारायची, “दादा, आज त्यासना से उना का?”

हे पत्र त्या ‘से’बद्दल आहे. वकिलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आरोपीने जामिनाचा अर्ज केला की न्यायालय सरकारी वकिलाचं म्हणणं मागवतं. ते लेखी म्हणणं म्हणजे ‘से’.

कलम ३७ आपण सगळे रोज वाचतो, तरी एकदा पुन्हा शांतपणे वाचूया. कायदा १९८५ चा. जामिनाची ही अडवणूक त्यात १९८९ च्या दुरुस्तीने आली. २००१ च्या दुरुस्तीने ती कमी केली आणि मुख्यतः कमर्शियल क्वांटिटीच्या गुन्ह्यांपुरती ठेवली. कलम म्हणतं, सरकारी वकिलाला अर्जाला विरोध करण्याची संधी दिल्याशिवाय जामीन देऊ नये. पुढचा भाग असा: सरकारी वकिलाने विरोध केला, तर आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो बाहेर गेल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे.

‘विरोध केला, तर.’ या दोन कडक अटी तुमच्या विरोधाने जाग्या होतात. संसदेने तुम्हाला प्रत्येक वेळी विरोध करायला सांगितलेलं नाही. विरोध करायचा की नाही याचा विचार करायला सांगितलाय. कलम ३६अ चंही तेच. १८० दिवसांत तपास झाला नाही आणि मुदत एक वर्षापर्यंत वाढवून हवी असेल, तर तपासाची प्रगती आणि आरोपीला आत ठेवण्याची नेमकी कारणं सांगणारा अहवाल सरकारी वकिलाचा हवा. पोलीस अधिकाऱ्याचं पत्र वर शिक्का मारून पुढे सरकवणं म्हणजे अहवाल नव्हे. दोन्ही ठिकाणी कायद्याने पोलीस आणि कोठडी यांच्यामध्ये एका वकिलाला उभं केलंय, कारण वकील कागद वाचेल असा त्याचा विश्वास होता.

आता खरोखर काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. “आरोपीविरुद्ध सबळ पुरावा असून गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे. आरोपीस जामीन दिल्यास तो फरार होण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणेल व पुन्हा अशाच प्रकारचा गुन्हा करेल. सबब अर्ज नामंजूर होण्यास विनंती.” क्लीनरसाठी हेच. शेतकऱ्यासाठी हेच. तीन गुन्हे नावावर असलेल्या मुरलेल्या एमडीवाल्यासाठीही (एमडी म्हणजे मेफेड्रोन) हेच. एका ‘से’मध्ये तर आधीच्या प्रकरणातल्या आरोपीचं नाव तसंच राहून गेलं होतं. मी ते न्यायाधीशांना दाखवलं नाही, कारण तो ‘से’ देणारा माणूस चांगला आहे आणि त्याच्या टेबलावर त्या दिवशी सत्तावीस फायली होत्या. पण त्या नावाच्या खाली जो दुसरा माणूस होता, तो त्यानंतर सव्वा वर्ष आत होता.

तो ‘से’ आला, अर्ज फेटाळला, की पुढे तुमचं काम जवळपास संपतं आणि तारखा सुरू होतात. माझ्याकडे क्लीनरच्या खटल्याच्या रोजनाम्याच्या नकला आहेत. आरोपी हजर नाही, पोलीस पार्टी उपलब्ध नाही. आरोपी व्हीसीद्वारे (व्हिडिओ कॉन्फरन्सने) हजर, साक्षीदार गैरहजर. समन्सचा बजावणी अहवाल नाही. तपास अधिकाऱ्याची दुसऱ्या जिल्ह्यात बदली. मुद्देमाल आणलेला नाही, मुद्देमाल कारकून रजेवर. पंच क्रमांक एक, सरकारी कर्मचारी, प्रशिक्षणाला गेला आहे. असं पानामागून पान. चौदा साक्षीदारांपैकी चार वर्षांत तपासले गेले तीन. यातली एकही तारीख आरोपीने मागितलेली नव्हती.

ज्या खटल्यात जामीन नाकारायला आपण एवढा जोर लावतो, तो खटला चालवायला त्याच्या दहाव्या हिश्शाचाही जोर का लागत नाही?

तुम्ही म्हणाल, अमली पदार्थांनी गावं पोखरलीत, आणि हा कुणाची वकिली करतोय. माझ्या आत्येभावाचा मुलगा एमडीत गेला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेताना गाडीत मागच्या सीटवर मीच त्याला धरून बसलो होतो. दात एकमेकांवर घासत होता, तो आवाज अजून कानात आहे. नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ मध्ये आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत २०२४ मध्ये एमडीचे कारखाने सापडले, तेव्हा मला समाधान वाटलं. एमडीची कमर्शियल क्वांटिटी ५० ग्रॅम आहे, आणि ५० ग्रॅम किती पोरांच्या आयुष्यात जाऊ शकतं ते मी घरात पाहिलंय. कारखाना चालवणाऱ्याला, माल पुरवणाऱ्याला, त्यात पैसा घालणाऱ्याला तुम्ही जामीन मिळू देऊ नका. मी दुसऱ्या बाजूला उभा असलो तरी हे मनापासून सांगतो.

पण त्यांना शिक्षा व्हावी म्हणूनच खटले चालायला हवेत. तसे ते चालत नाहीत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या खटल्यात पंचाला काही आठवत नाही, नमुन्याची पिशवी कुठली ते कळत नाही, सील फुटलेलं असतं, आणि कलम ५२अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर नमुने घेतलेच नव्हते हे सहाव्या वर्षी उलटतपासात बाहेर येतं. मग आरोपी सुटतो. निर्दोष होता म्हणून सुटला की कागद कच्चे होते म्हणून, ते कुणालाच कधी कळत नाही. जप्ती, नमुने आणि नाश यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात घालून दिली, २०२२ मध्ये केंद्राने नियमही केले. झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क सांगायचा, हे कलम ५० आणि त्यावरचा घटनापीठाचा १९९९ चा निकाल आपण कॉलेजात शिकलो. हे सगळं पाळलं की नाही, हे ‘से’ लिहायच्या दिवशी फाइल उघडली तर अर्ध्या तासात कळतं. त्या दिवशी कळलं तर तपास अधिकाऱ्याला सांगून काही सावरता येतं. सहाव्या वर्षी काय सावरणार?

दुसरं एक प्रकरण याच कारणाने मांडतो. सातपुड्याच्या पायथ्याचा एक म्हातारा, अडीच एकर कोरडवाहू. कपाशीत गांजाची झाडं सापडली. झाडं होती हे तो नाकारत नाही. कुणीतरी बियाणं दिलं, आगाऊ थोडे पैसे दिले. पोलिसांनी झाडं मुळासकट उपटली, ताडपत्रीवर रचली आणि तिथेच काट्यावर घातली. पंचनाम्यातली ओळ अशी: ‘उग्र वासाची, हिरवट रंगाची, ओलसर झाडे, मुळे, काड्या, पाने व बोंडांसह, एकूण वजन २६ किलो’. पावसाळा होता. फोटोत मुळांना चिकटलेली काळी माती स्पष्ट दिसते.

कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. मग मुळं आणि माती कुठून येणार? शेंडे वेगळे काढून तोलले असते तर वजन २० किलोच्या पुष्कळ खाली आलं असतं. तसं झालं असतं तर लागवडीचा गुन्हा राहिला असता, त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे, ती काही थोडी नाही. पण कलम ३७ ची भिंत त्याच्यापुढे उभी राहिली नसती. मुंबई उच्च न्यायालयाने अशा कारणावरून जामीन दिले आहेत. तरी या म्हाताऱ्याच्या पहिल्या अर्जावर आलेल्या ‘से’मध्ये ‘२६ किलो गांजा’ एवढंच होतं. पंचनामा वाचणाऱ्याने ‘मुळे’ हा शब्द वाचून थांबायला हवं होतं.

आता न्यायालयं काय म्हणतात ते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच, तेव्हा पडून असलेल्या एनडीपीएस खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांसाठी, किमान दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात पाच वर्षं आत काढलेल्यांना जामीन देण्याचे निर्देश दिले होते. मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात, गांजाच्याच खटल्यात सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या आरोपीला जामीन देताना न्यायालयाने सांगितलं की कलम ३७ चा शब्दशः अर्थ लावला तर जामीन कधीच मिळणार नाही, आणि खटल्याला अवाजवी उशीर झाला असेल तर हे कलम आड येत नाही. घरातला कमावता माणूस गेल्यावर कुटुंबं कशी विखुरतात, हेही त्या निकालात लिहिलंय. त्याच वर्षी रबी प्रकाश प्रकरणात ओडिशातल्या आरोपीला दिलेल्या जामिनातही तोच धागा. उलट बाजूचं २०२२ चं मोहित अग्रवाल प्रकरण तुम्ही नेहमी दाखवता, त्यात नुसता कोठडीचा काळ जामिनाला पुरेसा धरला नव्हता. मान्य. ते काही महिन्यांच्या किंवा दीड-दोन वर्षांच्या कोठडीला लावा. चार आणि पाच वर्षांना लावू नका.

आणि जुलै २०२४ चा एक निकाल तर तुमच्यासाठीच आहे. प्रतिवादी महाराष्ट्र राज्यच होतं. गुन्हा बनावट नोटांचा आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचा, आरोपी चार वर्षं आत, आरोपनिश्चितीही झालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आरोपीला जलद खटल्याचा हक्क देण्याची ऐपत राज्याकडे नसेल, तर गुन्हा गंभीर आहे या कारणावर राज्याने जामिनाला विरोध करू नये. हे न्यायाधीशांना नाही, विरोध करणाऱ्यांना सांगितलेलं आहे.

नव्या बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेच्या) कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेल्यावर सोडायची तरतूद केली. ती या खटल्यांना लावली तरी हिशोब करून बघा: वीस वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे सहा वर्षं आठ महिने. क्लीनर वीस वर्षांचा होता.

देशभरात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांतल्या ५,७३,२२० जणांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारातले तीन. त्यात २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने अमली पदार्थांचे गुन्हे मकोकाखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, आणायची दुरुस्ती केली. मकोकातही जामिनाला अशाच दोन अटी आहेत. टोळ्यांवर मकोका लावा, जरूर लावा. पण तो नारळाच्या गाडीवरच्या पोरावर लागणार नाही, हे बघायला पुन्हा तुम्हीच आहात.

म्हणून मागणं एवढंच आहे. एनडीपीएसच्या जामीन अर्जाला विरोध करताना तुमच्या ‘से’मध्ये एक ओळ वाढवा: सरकार पक्ष किती साक्षीदार तपासणार आहे, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. दोषारोपपत्रात चौदा नावं असतात, खरे लागतात पाच किंवा सहा. ती निवड तुम्हीच करू शकता. त्या ओळीसाठी तुम्हाला फाइल उघडावी लागेल, तपास अधिकाऱ्याला फोन करावा लागेल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आलाय का ते विचारावं लागेल, पंच कुठे आहे ते शोधावं लागेल. फाइल उघडली की ‘मुळे’ दिसतील, ‘झोपलेला’ दिसेल, नमुने कधी आणि कुणासमोर घेतले ते दिसेल. आणि महिना लिहिता येत नसेल, तर ‘न्यायालयाने योग्य तो आदेश करावा’ एवढं लिहून खाली सही करा. तसा ‘से’ देण्याची मुभा तुम्हाला आहे. इतर गुन्ह्यांत तुम्ही तो देतासुद्धा.

तुमच्यावर काय दडपण असतं ते मला दिसतं. विरोध केला नाही तर वरून विचारणा होते, पोलीस नाराज होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘ड्रग्ज प्रकरणातला आरोपी सुटला’ अशी बातमी येते. विरोध केला तर कुणी काहीच विचारत नाही. पण सरकारी वकील हा न्यायालयाचा अधिकारी आहे, कसंही करून शिक्षा मिळवण्याची तहान त्याला असू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार प्रकरणात सांगून ठेवलंय. विचारणा झाली तर तो निकाल आणि जुलै २०२४ चा निकाल, दोन्ही सोबत जोडा. लागल्यास नकला मी काढून देतो.

क्लीनरला शेवटी उच्च न्यायालयाने जामीन दिला. चार वर्षं तीन महिन्यांनी, उशिराच्या कारणावर. तिथून तो दुसऱ्या दिवशी घरी गेला असं समजू नका. पन्नास हजारांचा जामीनदार हवा होता. त्यांच्या ओळखीत सातबारा असलेला एकही माणूस गांजाच्या गुन्ह्यातल्या पोरासाठी उभा राहायला तयार नव्हता. जामीन मंजूर होऊनही जो सुटत नाही त्याच्याबद्दल ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत: सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. कळवलं कुणीच नाही. मी त्याच पॅनेलवर, तरी मला ते त्याच्या आईकडून कळलं. अट बदलून रोख जामीन करून घेण्यात सदतीस दिवस गेले. या भागात चूक माझीही आहे. मंजुरीच्या दुसऱ्याच दिवशी मी तुरुंगात फोन करायला हवा होता. आता करतो.

तो सध्या गावी आहे. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावतो, चुकलेला नाही. गाडीवर कुणी ठेवत नाही म्हणून आईबरोबर कापसात जातो. खटला चालू आहे. चौथा साक्षीदार अजून यायचाय.

सातपुड्याच्या म्हाताऱ्याचा दुसरा अर्ज पुढच्या मंगळवारी बोर्डावर आहे. तुमच्यापैकी एकाचा ‘से’ त्यावर येईल. पंचनामा पान तीनवर आहे, वजनाची ओळ खालून चौथी, आणि फोटो क्रमांक सहामध्ये माती दिसते.

आपला,
विधी सेवा पॅनेलवरचा एक वकील